नॅशनल पार्कात चॅरिटी क्रॉस-कंट्री : धावू की नको?

नीलाक्षी

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काल एक पत्रक आलं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात १० किलोमीटरची क्रॉस-कंट्री आहे. थोडा डांबरी रस्ता, बाकी मातीची वाट, चढउतार, दोन कोरडे ओढे. प्रवेश ३०० जणांनाच. फी १५०० रुपये. जमलेल्या पैशांतून वनमजुरांना बूट-टॉर्च आणि पाड्यांवरच्या मुलांचा शाळेचा खर्च, असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. वर ठळक अक्षरात टीशर्ट आणि मेडल.

ग्रुपवर पटापट अंगठे उमटले. माझा अजून उमटलेला नाही.

मी जन्मापासून बोरिवलीची. शाळेची सहल पार्कात जायची तेव्हा बाई बजावायच्या, ओरडू नका, पळू नका. आता पैसे भरून तिथेच पळायला जायचं हे काही केल्या पचत नाहीये. शिवाय १५०० मधले किती रुपये त्या बुटांपर्यंत पोचतात? आणि सांगायला लाज वाटते, पण मी आजवर फक्त डांबरावर धावलेय, तेही किलोमीटरला ८ मिनिटांनी. दगडधोंड्यांतून १० किलोमीटर झेपतील, की वर्षभर घोटा धरून बसेन?

जे अशा धावेत गेलेत त्यांनी काय ते खरं लिहा. नावनोंदणी पुढच्या शनिवारी बंद होतेय.

साबुदाणा_वडा

वेग धरून पुढे पळणारा पेसर म्हणून बिबट्या आहे का? असेल तर पर्सनल बेस्ट नक्की.

मन्या_मुलुंडकर

पहिल्याच प्रतिसादात बिबट्या. हा धागा शंभरी गाठणार. खुर्ची टाकून बसलोय.

दहिसरकर

नीलाक्षी, तुमच्या बाईंचं बरोबर होतं. बिबट्या दिसला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरायचं. पळणारं आणि बुटकं दिसणारं ते भक्ष्य, असा त्याचा हिशोब. त्यामुळे ‘जंगलात धावा’ हे वाक्य आम्हा जुन्या फिरणाऱ्यांच्या कानाला खटकतंच.

पण उगाच घाबरूही नका. मी वीसेक वर्षं सकाळच्या पासवर आत फिरतोय. बिबट्या दिसला दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याची पाठच दिसली. पार्क १०४ चौरस किलोमीटरचं. कॅमेरे लावून मोजले तेव्हा पार्क आणि आसपास मिळून २०१५ मध्ये ३५ बिबटे निघाले, २०१८ मध्ये ४७. एवढे बिबटे आणि चारी बाजूंनी एवढी माणसं, तरी रोज काही होत नाही. कारण तो आपल्याला टाळतो. कडेच्या वस्त्यांमधला कचरा, त्यावर पोसलेली कुत्री, आणि त्या कुत्र्यांसाठी रात्री येणारा बिबट्या, असं ते गणित आहे.

अपवाद २००४ चा. त्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसं गेली. तेव्हा इकडे राहणाऱ्यांना आठवत असेल, संध्याकाळी सातनंतर मुलं खाली खेळायला सोडत नव्हते. दुसरीकडून पकडलेले बिबटे आणून सोडण्याने प्रश्न वाढतो, हे पुढे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नरकडच्या अभ्यासातून समोर आलं. अनोळखी जागी सोडलेला प्राणी बिथरतो. मग पिंजरे लावण्यापेक्षा लोकांना समजावण्यावर भर आला, २०११ पासून वनखात्याने मुंबईकरांना बरोबर घेऊन तसं काम सुरू केलं.

तुम्ही आयोजकांना एकच प्रश्न विचारा, सुटणार किती वाजता? फेब्रुवारीत आपल्याकडे सूर्य साताच्या सुमारास वर येतो. साडेपाचला डोक्याला बॅटऱ्या बांधून ३०० जण सोडणार असतील तर तो मूर्खपणा आहे. ती वेळ बिबट्यांची. उजाडल्यावर सुटणार असाल तर खुशाल जा.

गुडघेदुखी

मी नाव नोंदवलं पण! बुटांचा प्रश्नच नाही. माझ्याकडे २०११ चे आहेत, माळ्यावर खोक्यात, अगदी कोरे. चारच वेळा घातलेत. दर सहा महिन्यांनी नवे बूट हे खूळ कंपन्यांनी काढलंय.

सह्यवेडी

@गुडघेदुखी, काका, ते खोकं उघडून सोल जरा अंगठ्याने दाबून बघा. बूट न वापरताही मरतात. मुंबईच्या दमट हवेत आतला फोम आणि जोडायचा गोंद सडतो, वरून दिसतात नव्यासारखे. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेत आमच्यातल्या एकाचे दोन्ही सोल तासाभराच्या अंतराने निघाले होते. पुढचा सगळा चढ त्याने पायाला सुतळी गुंडाळून केला. तेही बूट ‘कोरे’च होते.

नीलाक्षी, ८ मिनिटांचा वेग विसरून जा. मातीवर तो १० होईल, चढाला १२. घड्याळ घरी ठेवलंत तर उत्तम. चढ चालत चढायचा, सगळे तेच करतात, पुढचे दहा जण सोडून. उताराला मात्र मोठ्या टांगा टाकून ब्रेक मारत उतरू नका, मांड्या दुसऱ्या दिवशी जिना उतरू देणार नाहीत. पावलं छोटी, पटापट, नजर दोन-तीन पावलं पुढे. पार्कातला कातळ बसाल्टचा. पावसाळ्यात त्यावर शेवाळं असतं, फेब्रुवारीत त्याच्यावर बारीक मुरूम पसरलेला असतो आणि तो गोट्यांसारखा पायाखालून सरकतो. वाळक्या पानांखाली खड्डा आहे की मूळ, कळत नाही. घोटा तिथेच जातो.

अजून पाच आठवडे आहेत ना? आठवड्यातून एकदा तरी मातीवर जा. आणि घरी दात घासताना एका पायावर उभं राहा, तीस मोजा, मग दुसरा पाय. हसू नका, घोट्यासाठी यापेक्षा स्वस्त औषध नाही.

साबुदाणा_वडा

दात घासताना एका पायावर उभा राहिलो. आरशावर पेस्ट. बायको विचारतेय कोणत्या धाग्यावर होतास.

वेताळ_टेकडी

आम्ही पुण्यात रोज टेकडीवर धावतो. फी नाही, मेडल नाही, टीशर्ट नाही. मुंबईकरांना जंगलात जायलाही पावती लागते याची गंमत वाटली.

मन्या_मुलुंडकर

आले. वाटच बघत होतो.

@वेताळ_टेकडी, तुमच्या टेकडीवर मोर. आमच्याकडे बिबट्या. फरक फीमध्ये दिसणारच.

पाचोळा

सगळे ‘कसं धावायचं’ सांगतायत. नीलाक्षींनी ‘धावावं का’ असंही विचारलंय, त्यावर कोणी बोलत नाहीये.

माझं मत, नको. रोज सकाळी हजारो लोक आत चालतात हे मला माहीत आहे. ते डांबरी रस्त्यावर चालतात, ठरावीक पट्ट्यात, आणि तिथल्या प्राण्यांना त्याची सवय झालीये. मातीची वाट ही वेगळी गोष्ट आहे. तिथे ३०० माणसं तासा-दीडतासात जाणार, मागचा पुढच्याला ओलांडणार, म्हणजे वाटेच्या कडेवर पाय पडणार. २०२४ मध्ये कारवीची झुडपं फुलली. आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. आता तिथे जुन्या कारवीच्या काटक्या उभ्या आहेत आणि खाली पावसात रुजलेली नवी रोपं आहेत. २०३२ ला जी फुलायची तीच ही रोपं. हाताच्या वितीएवढी असतात, तुडवली तर तुडवली.

शिवाय फेब्रुवारीत रान वाळलेलं. एक बिडी पुरते.

आणि खरंच वनमजुरांची काळजी असेल तर १५०० रुपये सरळ द्या की. त्यासाठी घाम काढून दाखवायची काय गरज? दान करायला आपल्याला आजकाल मेडल लागतं.

मन्या_मुलुंडकर

पाचोळा, तुमची कारवी पटली. पण त्याच डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली बोगदा चाललाय, गोरेगाव-मुलुंडचा वेगळा. आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं पडली ते आपण बघितलं. एवढं सगळं चालतं आणि तीनशे माणसांच्या बुटांनी जंगल बुडतं?

पाचोळा

@मन्या, शेजारी चोरी करतो म्हणून आपण पाकीट मारावं का? आणि बोगद्याच्या धाग्यावरही मी भांडलोय, तिथे तुम्ही ‘मुलुंडहून बोरिवली १५ मिनिटांत’ म्हणून टाळ्या वाजवत होतात. वाचनखूण आहे माझ्याकडे.

मन्या_मुलुंडकर

खुर्ची उचलून जरा मागे सरकतो. सावकाश, तोंड त्यांच्याकडे ठेवून.

साबुदाणा_वडा

हा हा हा! दहिसरकरांचा सल्ला कामी आला.

लेखापाल

पैशांबद्दल लिहितो, माझा धंदाच तो आहे.

फी आणि देणगी या दोन वेगळ्या गोष्टी. फीच्या बदल्यात तुम्हाला टीशर्ट, मेडल, नाश्ता, वेळ मोजणारी चिप मिळते, म्हणजे ती खरेदी झाली. धरून चालू की १५०० पैकी १००० या सगळ्यात, रुग्णवाहिकेत आणि मांडवात गेले. मग तुम्ही ५०० दान केले आणि १००० ची सकाळ विकत घेतली. यात गैर काही नाही, फक्त घरी सांगताना ‘१५०० दान केले’ म्हणू नये. देणगीवरची आयकर सवलत घ्यायची तर निराळी देणगी द्या आणि तिची पावती घ्या. २००० च्या वर रोख दिलीत तर सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर तीही आशा सोडा.

आयोजकांना विचारायचं ते असं. धावेचा खर्च प्रायोजक उचलतो की फीमधून जातो? बूट कोण खरेदी करणार आणि कोणाच्या सहीने वाटणार? मागल्या वर्षीचा हिशोब दाखवता का? तिसऱ्या प्रश्नाला माणूस कसा उत्तर देतो त्यावरून निम्मं कळतं. मी एकदा (कुठली धाव ते सांगत नाही) हा प्रश्न विचारला तर समोरून उत्तर आलं, ‘सर, तुमचा टीशर्ट साइज काय?’

मोठ्या धावांमध्ये रचना वेगळी असते. मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारा स्वतःच्या ओळखीपाळखीतून संस्थेसाठी पैसे गोळा करतो. तिथे तुमची फी मुद्द्याची नसते, तुमच्या मागे लागून तुमच्या मावशीने दिलेले पैसे मुद्द्याचे असतात. पाचोळा यांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर यात आहे. नुसतं ‘पैसे द्या’ म्हटलं तर मावशी देत नाही. ‘मी १० किलोमीटर धावणार आहे’ म्हटलं की काळजीने देते.

शिळोप्याचा_गडी

दान करताना मेडल लागतं हे ‘आजकाल’ नाही हो पाचोळा. ज्या डोंगरात ही धाव आहे त्याच डोंगरात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथले शिलालेख कशाचे? देणगीदारांचे! कल्याणचा अमुक व्यापारी, सोपाऱ्याचा तमुक, याने लेणं दिलं, पाण्याची पोढी म्हणजे टाकं दिलं, बाक दिला. सगळं ब्राह्मीत नावानिशी कोरलेलं. दोन हजार वर्षं झाली, प्रायोजकाचा फलक अजून शाबूत आहे.

मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे ‘अक्षयनीवी’. मुद्दल ठेवायचं, ते खर्चायचं नाही, त्याच्या व्याजातून दरवर्षी भिक्खूंना चीवरं म्हणजे वस्त्रं द्यायची. सातवाहनांच्या काळातही हे होतं आणि नवव्या शतकात शिलाहारांच्या वेळच्या कान्हेरीच्या लेखांतही आहे, तिथे रक्कम द्रम्म नावाच्या नाण्यांत सांगितलीये. म्हणजे देणगीतून कपडे वाटायची या डोंगरातली प्रथा जुनीच. फक्त तेव्हा कपडा घेणाऱ्याला मिळायचा, आता देणाऱ्याला मिळतो.

लेखापाल

@शिळोप्याचा_गडी, शेवटचं वाक्य ऑफिसात फळ्यावर लिहितोय.

वसईची_सून

अवांतर होईल पण राहवत नाही. आम्ही शाळेत असताना (विरारजवळ, साल विचारू नका) आंतरशालेय क्रॉस-कंट्री व्हायची. मिठागरांच्या बांधावरून जायचं, एका पिंपळाला वळसा घालून परत. कोणी मधूनच फिरू नये म्हणून पिंपळाखाली शाळेचे शिपाईमामा स्टूल टाकून बसलेले असायचे आणि प्रत्येकीच्या मनगटात एकेक रबरबँड घालायचे. शेवटी रबर दाखवलं तरच नंबर.

एका वर्षी आमच्या वर्गातल्या तिघी घरूनच रबरं घेऊन आल्या आणि बांधामागे चिंचा खात बसल्या. नेमकी त्या वर्षी मामांनी लाल रबरं आणलेली. यांची हिरवी. पुढचा महिनाभर पीटीच्या तासाला तिघी मैदानाला फेऱ्या मारत होत्या. त्यातली एक पुढे खरंच जिल्ह्याला धावली.

ढापण्या

क्रॉस-कंट्री ऑलिंपिकमधून का गेली माहितेय का? १९२४, पॅरिस. पारा चाळिशीच्या वर. मार्गात गुडघाभर गवत आणि जवळच्या कारखान्याचा धूर. ३८ जण सुटले, १५ पोचले. कोणी मैदानात येऊन उलट्या दिशेने धावायला लागला, कोणी डोकं आपटून घेतलं. फिनलंडचा पावो नुर्मी मात्र जणू भाजी आणायला गेला होता अशा चेहऱ्याने पहिला आला. त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमध्ये परत घेतलीच नाही.

आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी नऊनंतर ऊन कसं चटकतं ते बघा आणि वेळ ठरवा.

डॉ_लिंबूसरबत

ढापण्यांना अनुमोदन. मुंबईत उन्हापेक्षा दमटपणा घात करतो. घाम येतो पण सुकत नाही, मग अंग थंड होत नाही. पाणी जवळ बाळगा, पण नुसतं पाणी ढोसत राहू नका. हळू धावणारे जास्त वेळ बाहेर असतात आणि भीतीने जास्त पितात, त्याने रक्तातलं मीठ उतरतं. तहान लागेल तसं प्या, एक ओआरएसची पुडी ठेवा. छातीत दुखलं, चक्कर आली, घाम अचानक थांबला तर बाजूला व्हा, मेडल उडत गेलं.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. खाजकुयली! याच दिवसांत तिच्या सोनेरी लवेच्या शेंगा वाळलेल्या असतात. वाटेवर लटकणाऱ्या मखमली शेंगेला ‘अय्या किती गोड’ करून हात लावू नका. लागलीच तर चोळू नका, चोळलं की पसरते. चिकटपट्टी लावून ओढा, मग धुवा. घरी आल्यावर मोज्यांत आणि गुडघ्यामागे गोचीड बघा.

साबुदाणा_वडा

बिबट्या, मुरूम, ऊन, गोचीड, खाजकुयली. १५०० रुपयांत एवढं सगळं देतायत, स्वस्तच आहे.

रानभाजी

इतके दिवस नुसतं वाचत होतो. पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी पार्कातल्याच एका पाड्यावर वाढलो. वारली. आता कामाला भांडुपला आहे, आई आणि मावशी अजून आतच. तुमची चर्चा चांगली चाललीये पण ‘जंगलात जावं का नाही’ यात आम्ही कुठेच नाही म्हणून लिहितो.

टॉर्च देणार हे वाचून बरं वाटलं. कोणीतरी विचारून ठरवलेलं दिसतंय. आमच्याकडे अंधार पडल्यावर वाटेला दिवा नाही. रात्री शौचाला बाहेर जावं लागतं, तिथेच भीती असते. बिबट्या आमचा वैरी नाही, आम्ही वाघदेवाला मानतो, पण अंधारात त्याला माणूस आहे का कुत्रं आहे कळत नाही. वह्या-पुस्तकं पुष्कळ लोक आणतात, फोटो काढतात. उजेड कोणी आणत नाही.

दुसरं. असा कार्यक्रम असला की रस्ता दुपारपर्यंत अडवतात. माझी मावशी कान्हेरीच्या रस्त्याला काकड्या, बोरं, आवळे विकते. रविवार म्हणजे तिची आठवड्याची कमाई. मागे एकदा अशाच एका कार्यक्रमाला तिला टोपलीसकट उठवलं होतं, ‘व्हीआयपी येणार’ म्हणून. धावा, पण नाश्त्याला बाहेरून डबे आणण्यापेक्षा त्या बायकांकडून काकडी घ्या. मीठमसाला लावून. दहा किलोमीटर धावून आल्यावर त्याहून चांगलं काही लागत नाही.

वाट दाखवायला आमची पोरं घ्या. त्यांना कळतं कुठे पाय द्यायचा नाही.

पाचोळा

रानभाजी, लिहीत राहा. मी माझ्या ‘नको’बद्दल पुन्हा विचार करतोय. बदललं नाहीये, विचार करतोय.

दहिसरकर

रानभाजी यांचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवावा अशी संपादकांना विनंती.

वेताळ_टेकडी

काकडीबद्दल सहमत. पुण्यातही टेकडीखाली मिळते, पण ते असो.

नीलाक्षी

सगळ्यांचे आभार! आज फोन केला. लेखापालांचे तिन्ही प्रश्न विचारले. फोनवरच्या बाईंनी टीशर्टचा साइज विचारला नाही :-) मागल्या वर्षीचा हिशोब मेलवर पाठवला, दोन पानी, बुटांच्या बिलासकट. सुटायची वेळ आधी साडेसहा होती ती सव्वासात केलीये, वनखात्याने सांगितलं म्हणून. लाउडस्पीकर नाही. प्लास्टिकचे पेले नाहीत, ज्याची बाटली त्याने आणायची. पन्नास-पन्नासच्या तुकड्या सोडणार.

काकडीवाल्या बायकांचं बोलले. त्या म्हणाल्या, ‘हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.’ नाश्त्याची ऑर्डर आधीच दिलेली आहे, पण टोपल्यांना अंतिम रेषेपाशी जागा देतो म्हणाल्या.

आणि मी धावत नाहीये. त्यांना मार्शल कमी पडतायत. वळणावर उभं राहायचं, वाट चुकणाऱ्याला हाक मारायची, वाट सोडून ओलांडणाऱ्याला ओरडायचं. ओरडू नका असं बाईंनी सांगितलेलं, पण ते चालवून घेतील. १५०० ची वेगळी पावती केली. पाचोळा, तुम्हीही या. कारवीपाशी कोणीतरी उभं राहायला हवंय.

मन्या_मुलुंडकर

पाचोळा येणार का? पैजा लावा.

पाचोळा

किती वाजता आणि कुठल्या गेटला?

सह्यवेडी

आता वृत्तांत हवाच. फोटो नसले तरी चालतील.

नीलाक्षी

वृत्तांत देते. उशीर झाला, आठवडा कामात गेला.

पहाटे साडेपाचला गेटवर. गारवा होता, चक्क. आम्हा मार्शलांना पाड्यावरची दोन मुलं वाटेने घेऊन गेली, एकेकाला एकेका वळणावर सोडत. माझं वळण सहाव्या किलोमीटरला, ओढा उतरून जिथे वाट दुभंगते तिथे. वसईच्या सूनबाई, हातात काय दिलं असेल? रबरबँडची पिशवी. लाल! इथपर्यंत येऊनच वळायचं म्हणून. चिप वगैरे काही नव्हतं, पैसे वाचवले म्हणे.

पोरं मला सोडून गेली आणि नंतर पाऊण तास मी एकटी. आधी भीती वाटली. मोबाइलला रेंज नाही. वर सावर फुललेली, पान एकही नाही, नुसती लाल फुलं आणि त्यांवर पक्ष्यांचा कलकलाट. एक फूल टप्पकन बाजूला पडलं तर मी दचकून मागे सरले. सावकाश, तोंड फुलाकडे ठेवून.

मग पहिला धावणारा आला. त्याला रबर द्यायला हात पुढे केला तोवर तो गेलाही, मला मागे धावावं लागलं. पुढचे वीस-पंचवीस असेच. नंतर आपल्यासारखी माणसं यायला लागली. गप्पा मारत, धापा टाकत, ‘अजून किती’ विचारत. मी प्रत्येकाला ‘थोडंच’ म्हणाले. चार किलोमीटर उरले होते. एक आजोबा थांबले, रबर घातलं, माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि म्हणाले, पन्नास वर्षांपूर्वी इथे आलो होतो, तेव्हा हिला घेऊन. ‘ही’ कोण ते विचारायच्या आत पुढे गेले.

ओलांडण्यावरून मला चौदा जणांना ओरडावं लागलं. पाचोळांनी त्यांच्या वळणावर म्हणे दोघांना परत मागे पाठवलं, वाटेवरून या म्हणून. ते दोघे तक्रार करायला गेले होते, पण त्यांच्या हातात फुकटची काकडी देऊन मिटवलं. टोपल्या दहाच्या आत रिकाम्या झाल्या. रानभाजी, मावशींना भेटले. त्या म्हणाल्या पुढच्या वेळी आधी सांगा, जास्त आणीन.

शेवटचा माणूस गेल्यावर सगळ्यांच्या मागून येणारे स्वीपर आले, मी त्यांच्याबरोबर कचरा वेचत परतले. बाटल्या नव्हत्याच. एनर्जी जेलच्या दोन रिकाम्या पुड्या, एक केसांची क्लिप, एक इअरफोन आणि ओढ्याच्या चढावर एक बुटाचा सोल. आख्खा. टाचेपासून चवड्यापर्यंत, खालची नक्षी अगदी नव्यासारखी.

साबुदाणा_वडा

@गुडघेदुखी, काका, आहात का? बरेच दिवस दिसला नाहीत.

सह्यवेडी

काका???

गुडघेदुखी

डावा होता की उजवा?

नीलाक्षी

डावा.

गुडघेदुखी

मग दुसरा अजून तिथेच कुठेतरी आहे. कोणी गेलं तर उचलून आणा, जंगलात कचरा नको.